पूड म्हणजे पुरावा नष्ट केलेला माल

तुळजापुरात भवानीच्या महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी हळदीकुंकवाचे ढीग लागलेले असतात. शिगोशीग भरलेले, वर नीट टोक काढलेले. गिऱ्हाईक ढिगापाशी थांबतं, चिमूट उचलतं, दोन बोटांत चोळतं, नाकाशी नेतं, चेहऱ्यावर जाणकारीचा भाव आणतं आणि जो ढीग जास्त लालभडक त्यातलं पाव किलो बांधून घेतं. या सगळ्या परीक्षेत खरोखर तपासला जातो तो फक्त रंग, आणि पुडीत सगळ्यात स्वस्तात घालता येते ती गोष्टही रंगच. कुंकवापुरतं हे चालून जातं, कारण तिथे मामला श्रद्धेचा असतो. पण आता हीच परीक्षापद्धत दुसऱ्या एका खरेदीला लागू झाली आहे. घरच्या घरी फेस पॅक, उटणं, शांपू, सीरम करून बघण्याची हौस पुण्यामुंबईपुरती राहिलेली नाही. ओट्याच्या कोपऱ्यात मुलतानी माती, शिकेकाई, संत्र्याच्या सालीची पूड आणि कुरिअरने आलेल्या नियासिनामाइडच्या चांदीच्या रंगाच्या पिशव्या धाराशिव, कळंब, उमरग्यातही शेजारी शेजारी नांदताना दिसतात. या संशोधकांचं बजेट बेताचं असतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझं म्हणणं इतकंच की बेताच्या बजेटात पूड निवडताना लोक नेमक्या उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. किलोचा भाव विचारतात आणि रंग बघतात. खरं तर पूड म्हणजे पुरावा नष्ट केलेला माल. तेव्हा जे अख्खं मिळतं ते अख्खंच घ्यावं, जे अख्खं मिळूच शकत नाही ते कागदपत्रांसकट आणि कमीत कमी घ्यावं, आणि हिशोब किलोचा न करता बरणीचा करावा.

पुरावा नष्ट कसा होतो ते हळदीवरूनच बघू. आंबेहळदीचं कांड मोडलं की कैरीचा वास येतो. तो वास नक्कल करायला अवघड आणि नक्कल परवडायलाही महाग. हळकुंड मोडलं की आतला गाभा दिसतो, कीड लागली असेल तर भोकं दिसतात, जुनं झालं असेल तर वजनाला हलकं लागतं. तेच हळकुंड दळलं की कीड, बुरशी, वय, जात, सगळं एका पिवळ्या समतेत विलीन होतं. शिकेकाईच्या शेंगा ओळखता येतात, तिच्या पुडीत काड्या किती आणि शेंग किती हे फक्त दळणाऱ्याला आणि देवाला ठाऊक. रिठ्याचं टरफल कामाचं, बी टाकायची. पण बियांसकट दळलेला रिठा वजनाला छान भरतो आणि बाहेरून तसाच तपकिरी दिसतो. बेसनाची तीच कथा. धाराशिव जिल्ह्यात रब्बीला हरभरा मुबलक होतो, तरी 'बेसन' लिहिलेल्या स्वस्त पाकिटात वाटाण्याचं पीठ निघालं तर डोळ्यांनी ते पकडणारा माणूस मला दाखवा, मी त्याचा सत्कार करायला तयार आहे. आरारूटच्या नावाखाली मक्याचा स्टार्च खपतो तोही याच न्यायाने. दोन्ही पांढरे, दोन्ही मऊ, आणि दोघांपैकी एकही तोंड उघडत नाही.

कुंकवाचं उदाहरण जरा जास्त वेळ घेण्यासारखं आहे. पारंपरिक पद्धतीत हळदीवर चुना किंवा टाकणखारासारख्या क्षारांची क्रिया करून तिला लाल करतात, कारण हळदीतला पिवळा रंग क्षाराच्या सान्निध्यात लाल होतो. (साबणाने धुतलेला हळदीचा डाग लाल होतो तो याच कारणाने, बाई घाबरते, हळद फक्त रसायनशास्त्राचा नियम पाळत असते.) शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातलं केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे, आणि पंढरपूरच्या कुंकू-बुक्क्याची ख्याती वेगळी सांगायला नको. पण बाजारातलं सगळंच लाल हे हळदीपासून झालेलं नसतं. स्टार्च किंवा खडूची पूड घेऊन तिला कृत्रिम रंग दिला की काम भागतं. त्वचारोगाच्या साहित्यात कुंकवाने कपाळावर येणाऱ्या खाजेची आणि काळपट डागांची प्रकरणं नोंदलेली आहेत. शेंदूर तर मुळात शिशाचा ऑक्साइड. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यू जर्सी आणि भारतातल्या दुकानांतून भांगात भरायच्या पुडीचे ११८ नमुने घेतले. त्यातल्या साधारण पाचांपैकी चारांत ग्रॅममागे निदान १ मायक्रोग्रॅम शिसं होतं. म्हणजे परदेशी गेलेली मंडळी मसाल्यांबरोबर हाही वारसा श्रद्धेने घेऊन गेली. सौंदर्यप्रसाधनासाठी लाल रंग हवा म्हणून पूजेच्या साहित्यातलं कुंकू ओठांच्या बामात घालणारे प्रयोगवीर असतात. त्यांना एकच सांगता येईल: ते कुंकू देवीच्या मूर्तीसाठी आणलेलं असतं, आणि तिला ते चाटायचं नसतं.

यावर सगळ्यात जड आक्षेप असा की अख्खा मालसुद्धा खोटं बोलतो. तो बरोबर आहे. बांगलादेशात हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून पॉलिश करताना त्यांनाच लेड क्रोमेट चोळत असत, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून जगासमोर आलं. म्हणजे पुरावा शाबूत असला तरी त्याला रंगरंगोटी करता येते. मान्य. पण अख्ख्या वस्तूचं खोटं सालीपाशी थांबतं. हळकुंड मोडून बघितलं आणि बाहेरचा पिवळेपणा आतल्यापेक्षा जास्त उत्साही दिसला, धुतल्यावर पाणी भसाभसा पिवळं झालं, तर संशय घ्यायला निदान जागा तरी असते. चकचकीत हळकुंडापेक्षा मळकट, खरबरीत हळकुंड बरं. लग्नाच्या बाजारात हा नियम कुणी मानत नाही, निदान हळदीच्या बाजारात तरी मानावा. पुडीत मोडायला काहीच उरलेलं नसतं. मुलतानी मातीचेही खडे घ्यावेत, पीठ घेऊ नये. खड्यावर लिंबू पिळून फसफसलं की 'भेसळ, भेसळ' म्हणून ओरडायची मात्र घाई नको. मातीत नैसर्गिक चुनखडीही असते, मराठवाड्याच्या काळ्या रानात तर तिचे खडे पायाला टोचतात. असल्या घरगुती चाचण्यांनी संशयित सापडतो, गुन्हा सिद्ध होत नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्याच तेरचा इतिहास इथे आठवावासा वाटतो, आणि तो निव्वळ अभिमानापोटी नाही. दोन हजार वर्षांपूर्वी तेर म्हणजे तगर ही मोठी व्यापारी पेठ होती. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तिची नोंद आहे, आणि इथलं साधं कापड, मलमल वगैरे माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोचला जाई असंही लिहिलं आहे. (रस्त्यांच्या बाबतीत जिल्ह्याची परंपरा किती जुनी आहे बघा.) तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात तिथे सापडलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. १९३८ साली इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या प्रसिद्ध मूर्तीशी तिचं नातं सांगतात, आणि अशा मूर्ती आरशाच्या मुठी असाव्यात असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. म्हणजे मुलतानी मातीचा लेप लावून आरशात डोकावण्याच्या बाबतीत आपण नवखे नाही. पण भडोचला गेलं ते कापड होतं, यातही अर्थ आहे. कापड उजेडाकडे धरता येतं, सूत मोजता येतं, दोन बोटांत ताणून बघता येतं. दूरच्या, अनोळखी गिऱ्हाइकाला विकायचा माल असा हवा. आज धाराशिवची मुलगी फोनवरून अहमदाबादच्या अनोळखी विक्रेत्याकडून पांढरी पूड मागवते, तेव्हा ती तगरच्या व्यापाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त विश्वास टाकत असते, आणि तोसुद्धा चार तारे आणि 'नाइस प्रॉडक्ट' एवढ्या पुराव्यावर.

आता कष्टांचा प्रश्न. अख्खं आणायचं म्हणजे वाळवणं, कुटणं, दळणं, चाळणं आलं. खलबत्त्यात नागरमोथा कुटून बघितल्याशिवाय बाजारच्या पुडीचे उपकार कळत नाहीत, हे मी नाकारत नाही. गिरणीवाला शिकेकाई घ्यायला तयार नसतो, कारण पुढची गव्हाची बाई शिंकत आली की तो बोलणी खातो. मग उरतं ते मिरची कांडप. ज्या यंत्रात सकाळपासून लवंगी मिरची कांडली गेली त्यात दुपारी उटणं कांडून आणलं, तर लेप लावल्यावर चेहऱ्यावर जे तेज येईल त्याची जाहिरात करायची गरज उरणार नाही. यावर उपाय सोपा आहे: घरच्या मिक्सरचं लहान भांडं, वाळलेला माल, थोडं थोडं दळणं आणि मग जुन्या धुतलेल्या सुती कापडातून वस्त्रगाळ करणं. चहाच्या गाळणीने गाळलेली संत्र्याची साल चेहऱ्यावर घासली की त्वचा उजळत नाही, खरचटते. आणि इथे या जिल्ह्याला एक नैसर्गिक सवलत आहे. वर्षाचे बरेच महिने हवा इतकी कोरडी की वाळवण दोन दिवसांत कडकडीत होतं. दुष्काळी म्हणून ज्या हवेला आपण बोल लावतो, ती पूड साठवायला कोकणच्या हवेपेक्षा कितीतरी चांगली. पावसाळ्यात मात्र पाकीट हलवल्यावर आत ढेकूळ खळखळलं तर ते दुकानातच ठेवावं.

हिशोबाकडे वळू, कारण बजेटवाल्या माणसाला शेवटी हिशोबच पटतो. समजा आंबेहळद एकीकडे तीनशे रुपये किलो आहे आणि दुसरीकडे, चांगली, सहाशे. दुप्पट! माणूस हादरतो आणि तीनशेची घेतो. पण शंभर ग्रॅम उटण्यात आंबेहळद पडते पाच ग्रॅम. स्वस्तातली दीड रुपयाची, महागातली तीन रुपयांची. सगळ्या बरणीत वाचला दीड रुपया. दुसरा सापळा 'किलो घेतलं तर स्वस्त पडतं' हा. एका लेपाला मुलतानी माती लागते चमचाभर, म्हणजे पाच-एक ग्रॅम. एका किलोत दोनशे लेप. आठवड्याला एक लावला तर जवळजवळ चार वर्षं. त्या अवधीत मुलीचं लग्न ठरून, होऊन, बारसंही उरकतं, तरी पिशवी तळ दाखवत नाही. नियासिनामाइड तर क्रीममध्ये टक्क्याने घालतात. चार टक्क्याने धरलं तर एक किलोत पंचवीस किलो क्रीम होतं. एवढं क्रीम घरात झालं की माणसाला दोनच वाटा उरतात: नातेवाईक वाढवणं किंवा उद्योजक होणं. दोन्हींत धोका आहे.

कारखान्यातून येणाऱ्या या पांढऱ्या पुडींना अख्खं रूपच नसतं. नियासिनामाइडची शेंग लागत नाही आणि हायलुरोनिक ॲसिडचं कांड मोडता येत नाही. तिथे पुरावा कागदावर असतो: बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, आणि त्या बॅचचा विश्लेषण अहवाल. अहवाल मागितला की स्वस्त विक्रेता उत्तर देतो, 'मॅडम, एकदम प्युअर आहे.' हे वाक्य अहवाल नव्हे. 'कॉस्मेटिक ग्रेड' हे शब्द पाकिटावर छापायला शाईपलीकडे खर्च येत नाही. 'आयपी' लिहिलं असेल तर निदान भारतीय औषधकोशाच्या ठरलेल्या कसोट्यांचा दावा तरी केलेला असतो, आणि दावा केला की तो खोटा पाडता येतो. झिंक ऑक्साइड रबराच्या कारखान्यातही लागतं, टायटॅनियम डायऑक्साइड भिंतीच्या रंगातही, काओलिन कागदातही. ते पोत्याने मिळतं आणि फार स्वस्त मिळतं. पण भिंतीला पुरळ येत नाही, हा त्या स्वस्ताईचा पाया आहे. (घरी झिंक ऑक्साइड कालवून सनस्क्रीन करू नये. पूड एकसारखी पसरली नाही तर संरक्षण ठिपक्याठिपक्यांनी मिळतं, आणि धाराशिवचं मे महिन्यातलं ऊन ठिपके सोडून पडत नाही.) शिवाय अशा पुडी मोजायला शतांश ग्रॅम दाखवणारा लहान काटा लागतो. बजेटचा पहिला पैसा त्या काट्यावर खर्च व्हावा. 'अर्धा चमचा सॅलिसिलिक' हे माप नाही, ती फिर्याद आहे.

आणि आंबटपणाचं काय? त्वचेचा पीएच साधारण साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान. लिंबाचा रस दोनच्या आसपास, खाण्याचा सोडा आठच्या वर. दोन्ही चेहऱ्यावर एकामागोमाग चोळण्याचे सल्ले मिळतात, जणू दोन टोकांच्या जुलुमाची सरासरी काढली की न्याय होतो. पीएचचा हा आग्रह पुस्तकी वाटत असेल तर एक प्रकरण बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंड कारखान्याचा बेबी पावडर बनवण्याचा परवाना रद्द केला, आणि कारण होतं पुणे-नाशिकला घेतलेल्या नमुन्यांत पीएच ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्याचं. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द ठरवली. नमुने जुने होते, कारवाई अवाजवी होती, हे सगळं तिथे झालं. पण मुद्दा असा, की पावडरीचा पीएच एवढ्या मोठ्या कंपनीला उच्च न्यायालयापर्यंत नेऊ शकतो, आणि आपण पीएचची पट्टी आणायला कंटाळतो.

आता आजी. या विषयावर कुणीही काहीही बोललं की आजी पुढे केली जाते: आमची आजी आयुष्यभर डाळीचं पीठ लावायची, तिला काय झालं? काहीच झालं नाही, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. आजी शिकेकाईच्या शेंगा आणायची, डाळ निवडून घ्यायची, पाट्यावर वाटायची आणि त्याच दिवशी संपवायची. तिच्याकडे अख्खा माल होता, कमी माल होता आणि साठवणीचा प्रश्नच नव्हता. आजीचं नाव सांगून आपण करतो काय, तर दळलेली पूड मागवतो, ती गुलाबपाण्यात कालवतो आणि महिनाभर बाथरूममध्ये ठेवतो. कोरडी पूड नीट ठेवली तर टिकते, कारण जंतूंना वाढायला पाणी लागतं. पाणी पडलं की टिकवण्यासाठी परिरक्षक लागतो, आणि 'नैसर्गिक' शब्दावर प्रेम असलेल्यांना नेमका तोच नको असतो. मग बरणीत खरोखरच नैसर्गिक असं काहीतरी हिरवं उगवतं. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज मराठवाड्यात तरी टिकायला नको होता. ज्या मुलखात बिब्बा उतणं म्हणजे काय हे शेंबड्या पोराला ठाऊक, तिथे झाडापासून आलेलं काही अंगाला बाधत नाही असं म्हणायचं धाडस व्हावं हे नवलच. व्हिटॅमिन सीचंही तेच: पुडीत ठीक असतं, पाण्यात विरघळलं की हळूहळू पिवळं, मग तपकिरी पडतं. घाऊक करून ठेवलेलं सीरम रोज थोडं थोडं बिघडत असतं आणि लावणारी रोज थोडी थोडी आशावादी होत असते.

'मी काय कारखाना थोडाच काढतेय, चार मैत्रिणींनाच तर देते,' हा शेवटचा आक्षेप मला सगळ्यात नापसंत. स्वतःच्या चेहऱ्यावर काय लावायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. विकायला काढलं की मात्र सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० लागतात, परवाना लागतो, शिशाची आणि पाऱ्याची मर्यादा लागते. अजाणता शिरलेला पारासुद्धा डोळ्यांची प्रसाधनं सोडता दशलक्षात १ भागापेक्षा जास्त चालत नाही. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी आली होती. स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेलं गोरेपणाचं क्रीम लावून एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली, आणि क्रीममध्ये पारा सापडला. तिघींपैकी एक जैवतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी होती. म्हणजे शिक्षणाने पुडीतला पारा दिसत नाही. ओळखीने तर अजिबात दिसत नाही, उलट ओळखीमुळे विचारायचं राहून जातं. ज्याला खरोखर धंदा करायचा आहे त्याने तपासणीचा खर्च आधी धरावा आणि मग भाव सांगावा. चार मैत्रिणी भाव ऐकून दोन झाल्या तरी चालेल.

मग बेताच्या बजेटात पहिल्यांदा आणावं काय? माझी यादी कुणाला रोमांचक वाटणार नाही. अख्खी मसूर पाव किलो, हरभऱ्याची डाळ पाव किलो, शिकेकाईच्या शेंगा मूठभर, आंबेहळदीचं एक कांड, मुलतानीचे खडे शंभर ग्रॅम, एक काटा, पीएचच्या पट्ट्या. कोपरावर आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं, ते फुकट आहे. हे महिनाभर जमलं, कंटाळा आला नाही आणि तरीही सीरमच हवं असं वाटलं, तर पंचवीस ग्रॅमचं नियासिनामाइड, अहवालासकट. हा क्रम लावण्यात खर्चाइतकाच विचार उरलेल्या मालाचा आहे, कारण बहुतेक प्रयोग तिसऱ्या आठवड्यात थांबतात. तेव्हा मसूर आमटीत जाते, डाळ दळून पिठलं होतं. नियासिनामाइडची पिशवी मात्र फ्रिजच्या दारात, लग्नात मिळालेल्या अत्तराच्या बाटलीशेजारी, दिवाळीच्या साफसफाईपर्यंत मुक्कामाला राहते, आणि 'हे काय आहे गं?' असं सासूबाईंनी विचारलं की 'फेकू नका आई, महागाचं आहे' म्हणून परत जागेवर जाते.